खटक्याचा चाकू

अंकल टेप दातांनी तोडायचे. घरसामान खोक्यांत भरून जगभर पाठवणारी आमची कंपनी. तिथे दिवसातून पन्नास वेळा टेप तोडावी लागते, म्हणून प्रत्येक टेबलावर एक कटर असतो. त्यांच्या टेबलावर नव्हता. त्यांच्याकडे एक स्टीलची पट्टी होती. पाकीट उघडायचं तर पट्टी. सुतळी तोडायची तरी पट्टीच्या कडेवर घासत बसायचं. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात म्हणाले, "अंकल, माझा कटर घ्या ना." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"नको बाय. मला त्याची सवय नाय."

ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक कापायच्या वेळी ते नेमके झेरॉक्स काढायला जायचे. डब्यात सफरचंद आणायचे आणि ते अख्खंच, दोन्ही हातांनी धरून खायचे. संत्रं नखांनी सोलायचे. नखं त्यासाठीच थोडी वाढवलेली असावीत असा मला संशय होता.

आणि हाच माणूस चाकूंच्या कायद्यावर इतकं बोलू शकायचा की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा.

ते मूळ वसईचे. बायको तिकडेच, मुलगी लग्न होऊन गेलेली. दोहात ते किती वर्षं होते ते कुणालाच नीट माहीत नव्हतं, कारण विचारलं की म्हणायचे, "विमानतळ जुना होता तेव्हापासून." अल हिलालमधल्या एका व्हिलाचं आमचं ऑफिस झालेलं होतं. तिथे जिन्याखालच्या जागेत त्यांचं टेबल होतं आणि त्याला लागून माझं. मी इथेच वाढले, इथल्याच इंग्रजी शाळेत शिकले. घरी आईबाबा मराठीत बोलायचे आणि मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. अंकल माझ्याशी मराठीतच बोलायचे आणि इंग्रजी उत्तर आलं की ऐकू न आल्यासारखं करायचे. दोन-तीन महिन्यांत मी थकून मराठीत उत्तर द्यायला लागले.

कुठल्या देशात कुठली वस्तू जाते, कुठली अडकते, हे बघायचं काम त्यांचं. आमची बरीच गिऱ्हाइकं अमेरिकेला परत जाणारी: शिक्षक, इंजिनिअर, त्यांची कुटुंबं. या लोकांच्या सामानात काय काय निघतं! त्यात मासेमारीचे चाकू, तंबूत राहायला जाताना नेण्याचे चाकू, कुणीतरी भेट दिलेले चाकू. अंकलकडे एक जाड फाइल होती. अमेरिकेच्या प्रत्येक राज्यासाठी एक कागद आणि त्यावर एकाच गोष्टीची माहिती: बटण दाबल्यावर स्प्रिंगने आपोआप उघडणारा चाकू तिथे घरात ठेवता येतो का, आणि खिशात घालून फिरता येतं का. बाकी सामानाची माहिती ते इंटरनेटवर बघायचे. ही फाइल मात्र त्यांनी हाताने लिहिली होती, आणि सगळी पेन्सिलने.

"पेनने का नाही?" मी एकदा विचारलं.

"कायदा पेनने लिहायचा नसतो गो. आज आहे, उद्या नाय."

ते रोज सकाळी अर्धा तास कुठले कुठले कायदे वाचत बसायचे आणि मधूनच खोडरबर चालवायचे. एक दिवस मी आत आले तर ते उभेच होते. चेहरा असा की कुणीतरी सामना जिंकलाय.

"बाय, पेनसिल्वेनिया बदललं!"

"म्हणजे?"

"आता चालतो तिथे. आणि शेजारी न्यूयॉर्क, तिथे अजून नाय. मधे नुसती एक रेघ. रेघेच्या अलीकडे खिशात वस्तू आहे, पलीकडे खिशात गुन्हा आहे. चाकू तोच, खिसा तोच."

कॅलिफोर्नियात दोन इंचांपेक्षा छोटं पातं चालतं. टेक्सासला चालतो. इंग्लंडात तर तो घराच्या कपाटातही ठेवायचा नाही. आणि इंग्लंडात, ते बोट वर करून सांगायचे, उघडल्यावर पातं पक्कं अडकून बसतं तसला साधा चाकूसुद्धा सबळ कारणाशिवाय बाहेर न्यायचा नाही. सगळ्यात लाडका त्यांचा एक अपवाद होता. अमेरिकेच्या केंद्राच्या कायद्यात म्हणे असं लिहिलंय की ज्या माणसाला एकच हात आहे, त्याने तीन इंचांपर्यंत पात्याचा आपोआप उघडणारा चाकू जवळ बाळगायला हरकत नाही. हे त्यांनी मला निदान सहा वेळा सांगितलं असेल.

"एक हाताने घडीचा चाकू कसा उघडणार तो? कुणीतरी तिथे बसून याचा विचार केला बाय. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यात एक ओळ, एका हाताच्या माणसासाठी."

कतारचा कागद मात्र त्यांच्या फाइलीत नव्हता. आमच्या ड्रायव्हरने एकदा मुद्दाम डिवचलं, "अंकल, यहाँ का बताओ ना." ते शांतपणे म्हणाले, "जिसके घर में रहते हैं, उसके घर का कायदा बोलने का नहीं, पालने का." आणि पट्टीने पाकीट उघडायला लागले.

गिऱ्हाइकांशी फोनवर बोलताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. चाकू किती लांब, कुठल्या कंपनीचा, हे सगळं नंतर. आधी, "हाऊ डज इट ओपन?" उघडतो कसा? एका बाईंनी कळवलं की त्यांच्याकडे बटणाचा चाकू आहे. अंकल सरसावून बसले. फोन वीस मिनिटं चालला. मला एकच बाजू ऐकू येत होती. "मॅडम, बटण दाबल्यावर पातं बाहेर येतं का? नाही? मग काय होतं? काय? गाणं?" तो केक कापायचा चाकू होता. बटण दाबलं की वाढदिवसाचं गाणं वाजायचं. अंकलनी फोन ठेवला, गंभीरपणे यादीत लिहिलं, 'केकची सुरी, एक, संगीतासह,' आणि मला म्हणाले, "सेल काढून पाठवायला सांग."

आम्ही हसायचो त्यांना. मीही हसायचे, मनातल्या मनात. मला वाटायचं, प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला काहीतरी एक लागतं. कुणी तिकिटं जमवतं, हे चाकूंचे कायदे जमवतात. चाकूला हात का लावत नाहीत हे विचारायचं माझ्या मनात यायचं, पण मी कुणाला फारसं काही विचारत नाही.

मग ज्ञानोबांची गोष्ट झाली.

ज्ञानोबा आमचे सुतार. लातूरकडचे, पन्नाशीचे. नाजूक सामानासाठी लाकडी पेट्या बनवायचे. सहा वर्षं इथे, घरचे सगळे गावाकडे. त्यांना हिंदी जेमतेम यायची, इंग्रजी अजिबात नाही, म्हणून त्यांचं काही असलं की मला हाक मारायचे. ऑफिसात मराठी कळणारे आम्ही दोघंच, अंकल आणि मी. त्या दिवशी अंकल सकाळपासून कस्टमच्या कामाला बाहेर गेले होते.

दहाच्या सुमाराला अल दुहैलमधल्या एका कंपाउंडच्या, म्हणजे भिंतीआडच्या वसाहतीच्या, गेटवरून फोन आला. तिथल्या एका अमेरिकन कुटुंबाचं सामान भरायला आमची माणसं गेली होती. गेटवर तपासणीत ज्ञानोबांच्या खिशात चाकू सापडला. सिक्युरिटी सुपरवायझर इंग्रजीत म्हणाला, तुमच्या माणसाला आम्ही बसवून ठेवलंय, हा चाकू कसला आहे ते मला ईमेलवर लिहून पाठवा. मी म्हटलं, त्याला फोन द्या.

"ज्ञानोबा, कसला चाकू आहे?"

"खटक्याचा हाय मॅडम. साधाच. गावाकडून आणलेला. पेन्सिलीला टोक काढाया ठिवतो."

खटका. हा शब्द मला चांगला माहीत होता. आई रोज ओरडते, बाथरूमचा खटका बंद कर. खटका म्हणजे स्विच. चाकूला स्विच असला की त्याला इंग्रजीत काय म्हणतात हे तर मी दोन वर्षं रोज ऐकत होते. मराठीतून इतक्या पटकन भाषांतर जमलं याचा मला थोडा आनंदही झाला. मी लिहिलं की हा स्विचब्लेड आहे, कामगाराने भारतातून आणलेला. मॅनेजरना कॉपी टाकली आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. त्यांना सुपरवायझरचं उत्तर आलं होतं. अशा प्रकारचं हत्यार असेल तर पोलिसांना कळवावं लागेल. मॅनेजरनी मला काही विचारलं नाही. ते नुसते म्हणाले, "केस झाली तर खलास. त्याला परत पाठवतील, पुन्हा येता येणार नाही. मी काय करणार?"

अर्ध्या तासाने अंकल आले. ते प्रिंटरवर पडलेला प्रत्येक कागद वाचतात. मॅनेजरनी छापलेला माझा ईमेल त्यांनी उभ्याउभ्याच वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"तो काय म्हणाला? त्याचे शब्द सांग."

"खटक्याचा आहे म्हणाला."

"आणि उघडतो कसा, विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून तो एक प्रश्न मी रोज ऐकला होता.

ते ओरडले नाहीत. बॅग खाली ठेवून म्हणाले, "दोन खटके असतात बाय. एक पातं उघडतो. दुसरा उघडलेलं पातं धरून ठेवतो, बोटावर मिटू नये म्हणून. गावाकडे दोघांना एकच नाव. चल." मग फोन उचलून सुपरवायझरला म्हणाले, "सर, पोलिसांना सांगण्याआधी अर्धा तास थांबा. मी स्वतः येतोय."

"मी कशाला?" मी विचारलं.

"शब्द तुझा आहे."

ते ऑफिसची गाडी घेऊन निघाले. मी मागे बसले. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे बोलतील, मी शेजारी उभी राहीन, आणि होईल.

गेटजवळच्या खोलीत ज्ञानोबा प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मला बघून उठले, सुपरवायझरने खूण केली तसे पुन्हा बसले. टेबलावर पारदर्शक पिशवीत चाकू होता. शिंगाची मूठ, जुना, जेमतेम बोटाएवढा.

अंकलनी पिशवीला हात लावला नाही. खिशात हात घालून उभे राहिले.

"सर, तुम्हीच उघडा. बटण कुठे आहे ते मला दाखवा."

सुपरवायझरने चाकू काढला. मूठ फिरवून बघितली. मुठीत एक पितळी खिळा होता, तो दाबला. काही झालं नाही. दुसऱ्या बाजूने दाबला. अंगठा लाल झाला. शेजारी उभा असलेला केनियाचा गार्ड म्हणाला, "सर, असला माझ्या काकाकडे आहे. नखाने उघडतात. बकरी सोलायला." त्याने चाकू हातात घेतला, पात्यावरच्या खाचेत नख घातलं, ओढलं, पातं सावकाश बाहेर आलं आणि शेवटी बारीकसा आवाज होऊन अडकलं. खट्.

"दॅट इज ऑल," अंकल म्हणाले. "स्प्रिंग उघडत नाही. माणूस उघडतो."

सुपरवायझरने चाकू खाली ठेवला. "पण तुमच्याच ऑफिसने लिहून दिलंय, स्विचब्लेड. माझ्याकडे कागद आहे. उद्या मला कुणी विचारलं तर?"

मी अंकलकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"ते मी नाही लिहिलं, सर. जिने लिहिलं ती इथे आहे. तिला विचारा."

त्या क्षणी मला त्यांचा फार राग आला. मला अनोळखी माणसांसमोर बोलता येत नाही, हे त्यांना माहीत होतं. मग मी बोलले. काय बोलले ते सगळं आठवत नाही. आमच्या भाषेत एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, मी चुकीचा घेतला, मी वस्तू बघितली नव्हती, मी विचारलंही नव्हतं, चूक या माणसाची नाही, माझी आहे. सुपरवायझर म्हणाला, "तुम्हाला तुमचीच भाषा येत नाही?" मी म्हटलं, "पुरेशी नाही." त्याने कागद पुढे सरकवला. मी ते सगळं लिहिलं, पूर्ण नाव लिहून सही केली. त्याने दोनदा वाचलं, माझ्या ईमेलच्या प्रिंटला टाचलं आणि म्हणाला, ठीक आहे, मी पुढे पाठवत नाही. मात्र हा चाकू पुन्हा आत आणायचा नाही, कंपनीने सही करून घेऊन जायचा.

सही अंकलनी केली. पिशवी दोन बोटांनी कोपऱ्याला धरून उचलली, गाडीत डॅशबोर्डवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. "लपवलेलं वाटू नये," ते म्हणाले. पुढे त्यांच्या शेजारी ज्ञानोबा, मागे मी.

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. ज्ञानोबा मागे वळून म्हणाले, "मॅडम, तुमचे लई उपकार. तुम्ही आलात म्हणून सुटलो. काय विंग्रजी झाडलं त्याच्यापुढं! गपगार झाला गडी."

मी खोलीत सगळं इंग्रजीत बोलले होते. त्यांना एक शब्दही कळला नव्हता. त्यांच्या दृष्टीने मी सोडवायला आलेली होते, आणि ते तसंच राहू देणं फार सोपं होतं. अंकल समोर बघत गाडी चालवत होते.

"ज्ञानोबा," मी म्हटलं, "तुम्हाला माझ्यामुळेच बसवलं होतं. तुम्ही खटक्याचा म्हणालात, मी ते चुकीचं लिहिलं. बटण दाबून उघडतो तसला, गुंडांकडे असतो तसला, असं लिहिलं. म्हणून ते पोलिसांना बोलावणार होते."

ते पुन्हा पुढे वळले. मला त्यांच्या मानेचा मागचा भाग तेवढा दिसत होता.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच तो गार्ड मला पाण्याची बाटली लांबूनच सरकवत व्हता. म्या म्हणलं, ह्याला माझ्या घामाचा वास येतो का काय."

अंकलना हसू आलं. मग ज्ञानोबाही हसले, पण थोडंच. म्हणाले, "मॅडम, माझी सहा वर्षं वाया गेली असती बरं का."

"हो."

"पुढच्या टायमाला इचारत जावा."

"हो."

मला वाटलं, विषय संपला. मग अंकलनी, कुणालाही उद्देशून नसल्यासारखं, बोलायला सुरुवात केली.

"मी मुंबईत नवीन नोकरीला लागलेलो. बापूस भेटायला आला. आमची केळीची वाडी. आमच्याकडे वाडीत काम करणारा माणूस कमरेला मागे लाकडाची आकडी बांधतो, त्यात कोयता. घड्याळ घालतो तसा. तो तसाच आला, डोक्यावर केळ्यांचा घड. गेटवरच्या वॉचमनने अडवलं. मी धावत खाली. त्याने विचारलं, ये क्या है? मला चार लोकांत लाज वाटत होती. मी घाईत बोलून गेलो, मेरे बाप का हत्यार है."

ज्ञानोबा म्हणाले, "मंग? बरोबर हाय की. हत्यारच ते."

"आपल्यात बरोबर. सुताराचं हत्यार, माळ्याचं हत्यार. हिंदीत हथियार म्हणजे दुसरंच. वॉचमनने लगेच पोलिसांना बोलावलं. संध्याकाळपर्यंत बापूस चौकीत. केळी तिथेच वाटून टाकली त्याने, पोलिसांना. घरी जाताना रस्ताभर म्हणत होता, कोयत्याने घात केला. त्यानंतर आकडी कधी बांधली नाय. वाडीत जाताना पण कोयता पिशवीत घालून न्यायचा. लोक हसायचे. मी त्याला सांगितलं नाय, की कोयत्याने नाय, माझ्या शब्दाने. आज सांगतो, उद्या सांगतो. तो गेला."

मागून मला त्यांचे हात दिसत होते, स्टिअरिंगवर, वाढवलेल्या नखांचे.

ज्ञानोबांनी डॅशबोर्डवरची पिशवी जरा आत सरकवली, पडू नये म्हणून.

"कोयता हाय का अजून?"

"आहे. माळ्यावर."

"मंग ह्या खेपेला घरी गेलात की खाली काढा अन् तेल लावा. हत्यार नुस्तं पडून राहिलं की गंजतंय."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तरी अंकलनी गाडी हलवली नाही.

"कुठलं तेल?" त्यांनी विचारलं.

"खोबऱ्याचं चालतंय."